स्लॅशर आणि मजुराचा हात



या व्यासपीठावर साहित्य, राजकारण, अध्यात्म असे विषय शोभतात. मी मात्र ट्रॅक्टरमागे जोडायच्या स्लॅशरविषयी बोलणार आहे. माळावरची घाणेरी आणि बागेतले कमरेइतके गवत कापणारे हे यंत्र पुष्कळांच्या गावी आलेले आहे. आणि ते चालवणारा बहुधा रोजावरचा, नाहीतर एकरी दर ठरवून आणलेला मनुष्य असतो.

अपघात झाला की आमच्या संघटनेकडे कागद येतात. ‘कारण’ या रकान्यात ठरलेले दोन शब्द असतात: मजुराचा निष्काळजीपणा. या शब्दांचा मला राग आहे.

ट्रॅक्टरची ताकद यंत्रात नेणारा पीटीओ शाफ्ट साधारणतः मिनिटाला 540 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ! धोतराचा सोगा त्यात सापडला, तर ‘अरे’ म्हणेपर्यंत वेढे पडलेले असतात. म्हणून कारखाना शाफ्टवर आवरण घालून देतो. ते फुटते, आणि नवे आणायचे राहून जाते. ते आणायचे कोणी? रोजावरच्या माणसाने?

पात्याखाली आलेला दगड किंवा तारेचा तुकडा शंभर फुटांपलीकडेही उडतो. यंत्राला पुढेमागे साखळ्या लावतात त्या याचसाठी. त्या काढून ठेवू नयेत. आधी रान पायी फिरून दगड, तारा वेचाव्या, बुंध्यांजवळ काठीला चिंधी बांधून खूण करावी, पोरे-गुरे लांब ठेवावीत. यात तासभर जातो, आणि एकरी दरात तो तास कोणीच धरीत नाही. मडगार्डवर दुसरा गडी बसवण्याची आपल्याकडे भारी हौस. तो घसरला तर मागे पातीच आहेत.

सर्वांत वाईट वेळ यंत्रात काही अडकते तेव्हाची. घाईने माणूस इंजिन चालू ठेवूनच उतरतो. पीटीओ बंद केला तरी पाती आपल्याच भाराने काही वेळ फिरत राहतात. तेव्हा यंत्र जमिनीला टेकवावे, इंजिन बंद करावे, किल्ली खिशात घालावी, आणि पाती थांबलेली डोळ्यांनी पाहावीत. खाली शिरावेच लागले, तर यंत्र उचलून भक्कम लाकडी ठोकळे लावावेत. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कोणी खाली जाऊ नये.

मळणीयंत्रांत माणसांचे हात जात होते, तेव्हा 1983 साली संसदेने घातक यंत्रांचा कायदा केला. त्यात यंत्र बनवणारा, विकणारा आणि वापरणारा मालक, सगळ्यांवर जबाबदारी टाकली. स्लॅशरच्या बाबतीत माझे म्हणणे एवढेच आहे.

एका बागाईतदाराने मला विचारले, “दर वेळी इंजिन बंद करायचे, रान आधी पायी फिरायचे, दिवसाला एकरभर काम कमी होईल, त्याचे काय?” मी म्हटले, “होईल, मालक. तो एकर दरात धरा.” ते गप्प राहिले, पण पुढच्या खेपेस शाफ्टवर नवे आवरण होते. दराचे बोलणे अजून चालू आहे.