साधनांचे वर्णन आणि कारकविचार

‘नाव काढणे’ या मराठी शब्दप्रयोगाचे अर्थ अनेक. कर्तबगार मुलगा घराण्याचे नाव काढतो. कारकून यादीतून नाव काढतो, म्हणजे कधी शोधून देतो, तर कधी खोडून टाकतो. माणूस प्रसंग पाहून योग्य तो अर्थ घेतो. संगणकावर माणसाच्या वतीने कामे करणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या प्रतिनिधीला मात्र बहुधा लिहिलेल्या वर्णनाचाच आधार असतो. 2024 च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या संकेतात प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्यास पुरवावयाच्या माहितीचा आराखडा प्रतिनिधीपुढे मांडण्याची सोय आहे. त्यावरूनच तो साधन निवडतो.

मग हे वर्णन कसे असावे? हैदराबादेत 1998 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत भारतीय भाषांतील वाक्यांचे संगणकीय विश्लेषण पाणिनीय कारकविचाराच्या आधारे करण्यात आले. तोच विचार येथेही उपयोगी पडण्यासारखा आहे. क्रिया कोणती? कर्म कोणते? ती कशाच्या योगे, कोणासाठी, कोठून व कोठे घडते? यांत आणखी दोन प्रश्नांची भर घालावी : साधन केव्हा वापरू नये, आणि केलेले काम परत फिरविता येते काय? ‘नाव काढा’ याऐवजी ‘निवृत्तिवेतनाच्या यादीतील नाव कायमचे वगळते, शोधासाठी वापरू नये’ असे लिहिले, तर एखाद्या वृद्धेचे वेतन चुकून बंद पडण्याचा धोका कमी होतो.

लिहिणाऱ्यास जे उघड वाटते, तेच लिहावयाचे राहून जाते. म्हणून वर्णन प्रथम नवख्या कारकुनाच्या हाती द्यावे. त्याला जेथे विचारावे लागेल, तेथे ते अपुरे आहे.