गळणाऱ्या पंपाची चौकशी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा बोनसविषयी, संपाविषयी काही ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळवला तो पंपाच्या सीलचा. "हा विषय लोकांना चालेल का?" असे त्यांनी भीत भीत विचारले. आम्ही म्हटले, मे महिन्यात सोसायटीच्या तळटाकीवरचा पंप गळू लागला की लोक आपण होऊन हाच विषय काढतात. मोटार आणि पंप यांच्या मधल्या जागेतून पाणी ठिबकते. मिस्त्री येतो, "सील गेले" म्हणतो, नवे बसवतो, पैसे घेऊन जातो. दोन महिन्यांनी पुन्हा ठिबकते. पुन्हा मिस्त्री, पुन्हा पैसे. पण सील का गेले, हे कोणी विचारीत नाही. आज आम्हांला एवढ्या एका प्रश्नावर बोलायचे आहे.

आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयात. तेव्हा इंजिनियर मंडळींनी चूकभूल पदरात घ्यावी.

पंपात पाते फिरते ते शाफ्टच्या जोरावर. शाफ्ट बाहेरून आत जातो, म्हणजे तिथे भोक आलेच. आणि आत दाब असल्यामुळे त्या भोकातून द्रव बाहेर येऊ पाहणार. जुना उपाय दोरीचा. ग्राफाइट किंवा चरबी लावलेल्या दोरीची कडी शाफ्टभोवती बसवायची आणि ग्लँडच्या नटांनी आवळायची. ही दोरी थोडी गळलीच पाहिजे, कारण त्या थेंबांनीच ती थंड राहते. थेंब बंद करण्याच्या हौसेने नट आवळले की दोरी जळते आणि शाफ्टवरच्या स्लीव्हला चरे पडतात. पाण्याच्या पंपाला हे चालून जाते. पण आत पाण्याऐवजी टोल्युइन असेल तर? टोल्युइनची वाफ चार-पाच अंश तापमानालाही ठिणगीने पेट घेऊ शकते. आपल्याकडे तर हिवाळ्याच्या पहाटेही त्याहून अधिक उष्मा असतो. बेन्झीन असेल तर गोष्ट आणखी गंभीर. त्याने रक्ताचा कर्करोग होतो. तिथे थेंब परवडत नाही.

म्हणून मेकॅनिकल सील आले. त्यात दोन कड्या असतात. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी पंपाच्या अंगाला स्थिर असते. दोघींची तोंडे एकमेकींवर टेकलेली. बहुधा एक कार्बनची आणि दुसरी सिलिकॉन कार्बाइडसारख्या कठीण पदार्थाची, किंवा घरगुती पंपात सिरॅमिकची. ही तोंडे घासून इतकी सपाट केलेली असतात की त्यांचा उंचसखलपणा एका मायक्रॉनच्या आतबाहेर असतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. या दोन तोंडांच्या मध्ये द्रवाचा अतिशय पातळ पापुद्रा शिरतो आणि त्यावर ती घसरत राहतात. तो पापुद्रा गेला की तोंडे कोरडी घासली जाऊन काही क्षणांत तापतात. एवढे लक्षात ठेवले की निम्मे शास्त्र कळले.

मग स्प्रिंगचे काम काय? पुष्कळांना वाटते की सारा दाब स्प्रिंगच देते, म्हणून ती जास्त दाबली की सील अधिक घट्ट. ही समजूत अनेक सील खाते. पंप चालू असताना तोंडे मिटवण्याचे मोठे काम आतल्या द्रवाचा दाबच करतो. पंप थांबलेला असताना तोंडे मिटलेली ठेवणे आणि कार्बन झिजेल तशी कडी पुढे सरकवणे, हे स्प्रिंगचे काम. ती जादा दाबली तर तोंडे तापून झिजतात, कमी दाबली तर उघडतात. म्हणून सीलबरोबरच्या कागदावर स्प्रिंगची बसवलेली लांबी दिलेली असते. ती मोजून साधायची. अंगठ्याच्या अंदाजाने नव्हे.

स्प्रिंगची निवडही द्रव पाहून करावी. एकच मोठी स्प्रिंग जाड तारेची असते. ती गंजायला वेळ लागतो आणि गाळाने सहसा तुंबत नाही. पण तिचा दाब तोंडावर सगळीकडे सारखा पडत नाही. शिवाय काही सीलमध्ये हीच स्प्रिंग शाफ्टला पकडून कडी फिरवते. ती डाव्या किंवा उजव्या पिळाची असते. मोटारीच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या आणि शाफ्ट उलटा फिरला, की तिची पकड सुटते. बारीक बारीक अनेक स्प्रिंगा असल्या तर दाब सारखा पडतो आणि जागाही कमी लागते. पण साखर कारखान्यात चुन्याच्या दुधाच्या पंपाला तसले सील बसवून पाहा. त्या बारीक घरांत चुना बसतो आणि स्प्रिंगा जागच्या जागी थिजतात. तिथे मोठी स्प्रिंग बरी, किंवा स्प्रिंगा द्रवाच्या बाहेर राहतील असे सील बरे. क्षार असलेल्या पाण्यात साध्या स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारा ताणाखाली तडकतात, म्हणून त्यांसाठी हॅस्टेलॉयसारखा निकेलचा मिश्रधातू वापरतात.

आता हे सगळे आम्हांला कुठून कळले, ते सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका रसायन कारखान्यात आमच्या युनियनचा एक फिटर होता. टोल्युइनच्या एका पंपाची चार सीले पाच महिन्यांत गेली. कंपनीने त्याला चार्जशीट दिली: कामात निष्काळजीपणा. इन्क्वायरीत त्याच्या बाजूने उभे राहायचे होते आम्हांला, आणि सील म्हणजे काय हे आम्हांला ठाऊक नव्हते! फिटर म्हणाला, "भाऊ, सीलला तोंड असून उपयोग नाही, बोलले असते तर त्यानेच साक्ष दिली असती." नशीब असे, की चारही जुनी सीले त्याने फडक्यात बांधून कपाटात ठेवली होती. ती घेऊन आम्ही बसलो. सील बनवणाऱ्यांची माहितीपुस्तके शब्दकोश घेऊन वाचली. एका निवृत्त फोरमनच्या घरी चार रविवार गेलो. आणि सीले बोलू लागली.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या सीलचे म्हणणे एकच होते. कार्बनच्या कडा तुटलेल्या, कठीण कडीवर मध्याकडून बाहेर जाणाऱ्या बारीक उष्णतेच्या भेगा, रबराची कडी भाजून कडक झालेली. हे कोरडे चालल्याचे लक्षण. मग रजिस्टर काढले. सील गेल्याच्या तिन्ही तारखा टाकी पूर्ण रिकामी केल्याच्या रात्रींच्या पाठच्या. दुसरा माल घ्यायचा म्हणून टाकी शेवटच्या लिटरपर्यंत ओढा, असा तोंडी हुकूम होता. टाकी संपली तरी पंप चालूच. रात्रपाळीच्या ऑपरेटरकडे नऊ पंप होते.

इथे आमच्यापुढे पेच पडला. तो ऑपरेटरही आमचाच सभासद. एकाच्या गळ्यातली चार्जशीट काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची काय? १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले होते. त्यानुसार सुरक्षा समितीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान बसत. आम्ही प्रकरण आधी त्या समितीपुढे नेले. म्हटले, नऊ पंपांवर एका माणसाचे दोन डोळे पुरत नाहीत. टाकी खाली येताच पंप आपोआप बंद करणारा स्विच बसवा. समितीने ते लिहून मान्य केले, आणि मगच आम्ही इन्क्वायरीत ती तीन सीले टेबलावर मांडली. त्या तिन्हींचा आरोप काढून टाकला गेला.

पण पहिले सील? त्याची साक्ष आमच्या विरुद्ध होती. त्यातली रबराची कडी फुगून शाफ्टला चिकटली होती. स्प्रिंग धडधाकट होती, पण चिकटलेली कडी तिच्याने पुढे सरकेना. तोंडे उघडी राहिली. टोल्युइनला व्हायटॉनची कडी हवी होती, बसली होती ईपीडीएमची. ती गरम पाण्याला उत्तम, टोल्युइनमध्ये मात्र फुगते. दोन्ही काळ्याच. स्टोअरने चुकीची दिली, हे खरे. पण पाकिटावर नाव छापलेले होते आणि फिटरने ते वाचले नव्हते, हेही खरे. आम्ही त्याला सांगितले, याची वॉर्निंग घे. युनियनच्या माणसाने वॉर्निंग घ्यायला सांगावी, हे काही सभासदांना रुचले नाही. एकाने तर भर सभेत आम्हांला मालकाचा माणूस म्हटले. पण तीन सीलांची साक्ष खरी मानायची आणि चौथ्याची खोटी, असे कसे चालेल? ज्या पुराव्यावर आपण सुटतो, तो आपल्याविरुद्ध गेला तर टाकून देता येत नाही. फिटरला हे पटायला दोन दिवस लागले. मग त्याने सही केली. त्यानंतर तो पाकीट वाचल्याशिवाय कडी हातात घेईना आणि नव्या पोरांनाही घेऊ देईना.

त्या दिवसापासून कारखान्यात नियम झाला की गेलेले सील भंगारात टाकण्यापूर्वी टेबलावर यायचे आणि दोन्ही बाजूंनी पाहायचे. पुढचे सील दुसऱ्या वर्षीच्या शटडाऊनपर्यंत टिकले. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने १९९४ साली सीलांसाठी जे ६८२ क्रमांकाचे मानक काढले, त्यात २५,००० तास, म्हणजे सुमारे तीन वर्षे, सील चालावे अशी अपेक्षा धरली आहे. तेव्हा दोन महिन्यांत सील जाणे ही काही निसर्गाची रीत नव्हे.

देखभालीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. सीलची तोंडे बोटांनी पुसू नयेत. हाताचा तेलकटपणा आणि धूळ दोन्ही त्यांना मारक. ईपीडीएमच्या कडीला खनिज तेलाचे ग्रीस कधी लावू नये. पंप चालू करण्यापूर्वी तो भरून घ्यावा आणि आतली हवा काढावी. कपलिंगची ओळंबी आणि बेअरिंगची खेळ तपासल्याशिवाय नवे सील बसवू नये. शाफ्टच थरथरत असेल तर सील काय करणार? जिथे विषारी द्रव आहे तिथे दुहेरी सील मागावे आणि दोन सीलांमधल्या निरुपद्रवी द्रवाचा दाब पंपातल्या दाबाहून अधिक ठेवावा. मग गळालेच तर ते आत गळते, बाहेर नाही. आणि त्या भांड्याची पातळी रोज पाहणाऱ्याला ते आधीच कळते. पण पाहणारा माणूस ठेवला पाहिजे. तोच पगार वाचवला तर दुहेरी सीलचे पैसे पाण्यात.

घरी गेल्यावर आपल्या सोसायटीच्या मिस्त्रीला दोनच प्रश्न विचारा. जुने सील दाखव. आणि तळटाकी रिकामी असताना पंप किती वेळ चालला होता? पुष्कळ वेळा उत्तर तिथेच मिळेल. रात्री पंप बंद करायला विसरलेल्या रखवालदारावर चिडण्याआधी, त्याला रात्री किती कामे सांगितली आहेत, हेही मोजून पाहा. पाण्याची पातळी पाहणारा तरंगता स्विच फार महाग नसतो.

ती चार सीले आजही आमच्या कचेरीतल्या कपाटात आहेत. ज्यांना पाहायची असतील त्यांनी अवश्य यावे. चौथेही दाखवू.