पट मुलींनाही खुला




आज बोलूया
आंतरराष्ट्रीय बुद्धिबळातल्या आपल्या लेकींविषयी.

साल १९७६.
मुंबईच्या रोहिणी खाडिलकर तेव्हा अवघ्या तेरा वर्षांच्या.
त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या.
हरकती आल्या.
प्रकरण जागतिक बुद्धिबळ संघटनेपर्यंत गेलं.
अध्यक्ष मॅक्स युवे यांनी बजावलं,
बाई आहे म्हणून कुणाला अडवता येणार नाही.

लक्षात ठेवा,
खुली स्पर्धा मुलींनाही खुली असते.

पुढे १९८१ मध्ये
रोहिणीताई आशियाई महिला विजेत्या झाल्या.
त्यांच्या बहिणी, वासंती आणि जयश्री,
दोघीही राष्ट्रीय विजेत्या!

आता येऊया जुलै २०२५ मध्ये.
जॉर्जियातलं बाटुमी शहर.
महिला विश्वचषकाची अंतिम फेरी.
समोरासमोर दोन भारतीय.
नागपूरची दिव्या देशमुख
आणि अनुभवी कोनेरू हंपी.
नेहमीचे डाव बरोबरीत सुटले.
जलद डावांत दिव्या जिंकली.
हा चषक मिळवणारी ती पहिली भारतीय.

त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली.
हा किताब स्त्री-पुरुषांना एकच असतो.

तेव्हा पुन्हा सांगते,
खुली स्पर्धा मुलींनाही खुली असते.
मुलीचं नाव महिला गटात द्या,
खुल्या गटातही द्या.