नानीचं लुगडं आणि रविवर्म्यांचं चित्र

माझी भाची पुण्यात कॉलेजात शिकते. परवा तिचा फोन आला. ‘‘खाला, आमच्या गॅदरिंगमध्ये एक दिवस आवडत्या चित्रातला वेश करून जायचंय. आम्ही मैत्रिणींनी मिळून राजा रविवर्म्यांचं ते गाण्याबजावण्याच्या बायकांचं चित्र घेतलंय. त्यातली मी कोण होऊ?’’

मला हसू आलं. हाच प्रश्न १९८३ साली मिरजेत माझ्यापुढे उभा राहिला होता. चित्रसुद्धा हेच.

‘गॅलक्सी ऑफ म्युझिशियन्स’ या नावानं ते ओळखलं जातं. १८८९च्या सुमाराला म्हैसूरच्या महाराजांसाठी काढलेलं. अकरा बायका दाटीवाटीनं बसल्या-उभ्या आहेत. प्रत्येकीचा पेहराव निराळ्या प्रांताचा. हे निराळेपण रविवर्म्यांनी घरबसल्या रंगवलं नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना पौराणिक चित्रांचं मोठं काम दिलं, तेव्हा पुराणातल्या नायिकांना नेसवायचं काय, असा पेच पडला. धाकट्या भावाला बरोबर घेऊन ते उत्तर हिंदुस्थानात हिंडले. पाहतात तर प्रांतागणिक नेसण वेगळं! शेवटी त्यांनी साडी निवडली. त्यांच्या कितीतरी देव्या आणि नायिका आपल्या नऊवारीच्या वळणानं नेसलेल्या दिसतात. पुढे १८९४ साली त्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, नंतर तो मळवलीला गेला. तिथली छापील चित्रं घरोघरी पोचली. हौशी बायका त्या कागदी लक्ष्मी-सरस्वतीच्या साडीवर खरी जर, टिकल्या, कापडाचे तुकडे लावत. आपण चित्रासारखे कपडे करतो. त्या चित्रालाच कपडे करत!

तर मी आठवीत होते. चित्रकलेच्या बाईंनी कॅलेंडरवरचं हे चित्र फळ्याला टांगलं आणि अकरा मुली निवडल्या. नऊवारीतल्या मराठी बाईवर माझा डोळा होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नि सहज म्हणाल्या, ‘‘तू यातली मुसलमान बाई हो. तुला शोभेल. कपडेही घरातच असतील.’’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मीही मान डोलावली. पण घरी येईपर्यंत घशात काहीतरी अडकून बसलं होतं.

कारण तसे कपडे आमच्या घरात नव्हतेच! मी शाळेचा गणवेश सोडला तर परकर-पोलक्यात वाढलेली. अम्मी पाचवारी नेसायची. आणि तासगावकडच्या खेड्यात जन्म गेलेली माझी नानी नमाजालासुद्धा नऊवारी इरकल लुगड्यातच उभी राहायची, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. चित्रातल्या मुसलमान बाईसारखी आमच्या सात पिढ्यांत कुणी नसेल. शेवटी हैदराबादला दिलेल्या फूफीच्या ट्रंकेतून एक जरीची ओढणी आली, आणि अम्मीनं जुन्या रेशमी साडीचा घोळदार झगा शिवला.

तो शिवताना अम्मी मला म्हणाली, ‘‘रंग नको बघूस. कापड कुठं पडतंय ते बघ.’’ ते शिक्षण आजही पुरतंय. चित्रातल्या रंगाचं कापड बाजारात मिळतं, पण चित्रातली चुणी मिळत नाही. सुताची चुणी वेगळी मोडते, रेशमाची वेगळी. नायलॉन तर अंगावर बसतच नाही. खांद्यावरून पदर किती ओघळतो, बसल्यावर निऱ्या कुठं गोळा होतात, हे पाहिलं की साध्या सुती लुगड्यातही चित्र उभं राहतं. न पाहिलं तर महागड्या शालूतही फक्त फॅन्सी ड्रेस!

वाद्यं सतारमेकर गल्लीतून आली. वीणा मिळाली नाही, म्हणून तारा न चढवलेली एक सतार उसनी आणली. अडलं ते नऊवारीपाशी. जिला मराठी बाई व्हायचं होतं, तिच्या घरी सगळ्या पाचवारीवाल्या. लुगडं नाही, काष्टा घालता येणारं कुणी नाही. मी म्हटलं, ‘‘माझ्या नानीचं आणते.’’

संमेलनाच्या दिवशी नानी स्वतः आली. शाळेचा उंबरा तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडला. ट्रंकेत जपलेलं काळं चंद्रकळेसारखं इरकल तिनं त्या मुलीला नेसवलं, काष्टा खोचला, पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘‘आता ताठ बस गं बाय. लुगड्यात वाकून बसू नये.’’ बाई बघतच राहिल्या. मग हळूच मला म्हणाल्या, ‘‘अगं, मला सांगायचं नाहीस का?’’

काय सांगणार होते मी? तेरा वर्षांच्या मुलीला ते शब्दांत मांडता येत नाही. पुढे मी मराठीत कविता लिहायला लागले. ‘‘तुमचं मराठी किती छान आहे हो,’’ असं कुणी कौतुकानं म्हणालं की तो मेकअपचा वर्ग आठवतो. चित्रकारानं अकरा बायका एका चौकटीत बसवल्या, हे मोठंच काम केलं. पण चौकटीत प्रत्येकीला एकच वेश मिळतो. चौकटीबाहेर नानीसारख्या बायका असतात.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘खाला, ते लुगडं आहे का अजून?’’

लुगडं आता नाही. विरल्यावर अम्मीनं त्याची वाकळ शिवली. ती आहे. काठाचा एक लांब तुकडा अजून तिच्यात शाबूत आहे. भाचीला म्हटलं, नवीन इरकल घेऊ, काष्टा मी शिकवीन. येत्या रविवारी ती येणार आहे.