बोरीचा गळ, खाडीची गरी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला आपापल्या छंदाबद्दल बोलायला सांगितलंय. माझा छंद कळल्यापासून एकच प्रश्न कानावर येतोय : नळदुर्गच्या माणसाला समुद्रातली मासेमारी शिकवली कुणी? अर्धी बोरी नदीनं आणि अर्धी आपल्या भूगोलाच्या सरांनी. नोकरीनं रत्नागिरीला नेलं, तिथं भाट्याची खाडी हाताशी आली आणि पुढचं जमत गेलं.

सरांनी फळ्यावर चंद्र, सूर्य, पृथ्वी काढून उधाणाची आणि भांगाची भरती शिकवली, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेलाही नव्हता. आपण ते दोन गुणांसाठी पाठ केलं. सर, त्या दोन गुणांवर माझी सगळी मासेमारी चालते! अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जोरात चढतं-उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी संथ. कोळी लोकांचा हिशेब त्याहून सोपा : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईकडचा. रत्नागिरीला भरती त्याच्या थोडी आधी येते. मोबाइलवर आता मिनिटासकट वेळ मिळते, पण पंचांग कधी डिस्चार्ज होत नाही.

आज हे सांगायचं कारण वेगळं आहे. आपल्यातल्या दोघा-तिघांच्या मुलांनी ऑनलाइन रॉड मागवलेत आणि दिवाळीच्या सुट्टीत ती कोकणात निघालीत. तेव्हा हे त्यांच्यासाठी समजा.

लहानपणी आपल्याकडे काय होतं? बांबूची काठी, तंगूस, पाच-दहा पैशांचा गळ, तरंगायला ज्वारीच्या ताटाचा तुकडा आणि डब्यात गांडुळं. एवढ्यावर मासा लागायचा, कारण कुठल्या डोहात काय आहे हे आपल्याला माहीत होतं. समुद्राचंही तसंच आहे. आधी पाणी ठरवा, मग मासा, मग सामान. लोक नेमकं उलटं करतात. सगळ्यात लांब आणि जाड रॉड घेतात आणि अर्ध्या तासात खांदा धरून बसतात.

खाडीसाठी सात ते आठ फुटांचा, मध्यम ताकदीचा रॉड पुरतो. खडकावरून किंवा पुळणीवरून फेकायचं असेल तर नऊ-दहा फुटी, म्हणजे लाटेच्या पलीकडे आमिष जातं. स्पिनिंग रील चार हजार नंबरचं घ्या, दोन्हीकडे चालतं. दोरी ब्रेडेड, वीस ते तीस पौंडी. ती बारीक असते, त्यामुळे लांब जाते आणि माशाचा नुसता स्पर्शही हाताला कळतो. मात्र खडकाला घासली की कापसासारखी तुटते. म्हणून टोकाला हातभर जाड तंगूस जोडायचं, चाळीस पौंडी. त्याला लीडर म्हणतात. जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, तिथं हाच लीडर वाचवतो. सुरमईचे दात तोही कापतात, तिच्यासाठी वीतभर तार लागते.

आता ड्रॅग. मासा ओढायला लागला की रीलमधून दोरी किती ताणावर सुटावी, ते ठरवणारी ही चकती. दुकानदार याबद्दल फारसं बोलत नाहीत, पण मोठे मासे सुटतात ते बहुधा इथंच. दोरी जेवढं वजन पेलते त्याच्या पाव भागावर ती सुटली पाहिजे. दहा किलोंची दोरी असेल तर अडीच किलोंवर. घरातला स्प्रिंगचा ताणकाटा दोरीला अडकवून ओढून बघा, अंदाजावर जाऊ नका.

तंत्राचं म्हणाल तर बोरीतली मरळ ज्याला कळली त्याला जिताडा कळायला वेळ लागत नाही. (मालवण-गोव्याकडे याच माशाला चोणक म्हणतात.) दोघेही दबा धरून बसणारे. ओहोटी सुरू झाली की खारफुटीतल्या लहान ओहोळांमधून कोळंबी आणि बोयटं पाण्याबरोबर बाहेर येतात. ओहोळ खाडीला मिळतो त्या तोंडाशी जिताडा थांबलेला असतो. आमिष ओहोळाच्या वरच्या अंगाला टाकायचं आणि पाण्याच्या ओढीबरोबर खाली येऊ द्यायचं. लाकडी किंवा रबरी बनावट मासा असेल तर दोन वेढे गुंडाळा, थांबा, पुन्हा दोन वेढे. बहुतेक वेळा तो थांबल्यावरच घेतो. उधाणाला पाणी फार गढूळ झालं की बनावट मासा दिसत नाही, तेव्हा जिवंत कोळंबीला पर्याय नाही. मासा उडी मारेल तेव्हा रॉडचं टोक खाली करा. उडीत तो डोकं झटकतो, आणि तेवढ्यात गळ निसटतो.

तिथले जुने लोक मात्र यातलं काही वापरत नाहीत. हातात नुसती गरी, बोटाला दोरीचा वेढा. गरवायला बसले की माझ्यापेक्षा जास्त मासे नेतात. त्यांच्याशेजारी गप्प बसून बघा, यूट्यूबपेक्षा लवकर शिकाल.

पोरांनो, एक गोष्ट ऐकाच. खडकावर उतरण्याआधी पंधरा मिनिटं लांब उभं राहून लाटा बघा. जो खडक ओला दिसतो तिथवर पाणी येतं, भले आत्ता येत नसेल. त्यावर पाय ठेवायचा नाही. एकट्यानं जायचं नाही, चपलेवर जायचं नाही, अंगात लाइफ जॅकेट पाहिजे. पावसाळ्यात तर खडकाचं नावच नको. बोरीच्या डोहात आपण काठ धरून बाहेर यायचो; तिथं धरायला धारदार कालवं असतात. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि दवाखाना गाठा.

मोठा जिताडा मिळाला तर काय, असं काल एकानं विचारलं. फोटो काढा आणि सोडा. हसू नका. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे दहा-बारा किलोंचा मासा बहुतेक वेळा मादीच, आणि अंडी घालणारी तीच. खायला दीड-दोन किलोंचा चवीलाही बरा. फार लहानही नको. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. सोडायचाच आहे तर गळाचा उलटा काटा पकडीनं आधीच दाबून टाका, हात ओले करा, पोटाखाली आधार द्या. जबड्याला धरून लोंबकळवलेला मासा पाण्यात गेला तरी जगेलच असं नाही. माझा पगार महिन्याला येतो. गरीवर पोट असणाऱ्यानं तो मासा विकला तर त्याला मी काही म्हणणार नाही.

घरी आल्यावर रॉड, रील, गळ सगळं गोड्या पाण्यानं धुवा. एका रात्रीत मीठ चढतं.

आणि दिवाळीला अजून अवकाश आहे. तोवर बोरी धरणावर जाऊन फेकायचा सराव करा. धरणातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायट्यांकडे असतो, तेव्हा आधी विचारून घ्या. गळ काढून नुसतं शिसं बांधा आणि तीस पावलांवर ठेवलेल्या टोपलीत पाडून दाखवा. दहातले सात पडायला लागले की मला फोन करा, भाट्याला मी येतो तुमच्याबरोबर.