पाण्याची खूण
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



लबाडी म्हटली की दुसऱ्याला फसवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण स्वार्थ आधी घरच्या धन्यालाच फसवतो. जगाची पाळी नंतर येते. याचा दाखला शोधायला सायखेड्याबाहेर जायला नको. तो गंगेच्या काठीच आहे.

सप्टेंबर १९६९ मध्ये गोदावरीला महापूर आला. पूर ओसरला की माणूस काही वर्षे काठापासून दबून राहतो. मग जागेचा भाव वाढतो आणि आठवण पातळ होते. 'वर धरणे झाली, आता कसला पूर?' असे तो म्हणू लागतो. १९६९ साली गंगापूर धरण होतेच. तेवढे मात्र तो आठवत नाही. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी पुन्हा गावात शिरले.

बांधकामाच्या वेळी जो म्हणतो, 'पाणी पायरीलाही लागत नाही,' तोच पंचनाम्याच्या वेळी भिंतीवर छातीइतक्या उंचीला बोट ठेवतो. पुढे जागा विकायची झाली की पाणी परत पायरीखाली उतरते. भिंत तीच, धनी तोच. बदलते ती फक्त गरज. तिन्ही वेळा त्याला आपले बोलणे खरेच वाटते. घेणाऱ्याला मात्र तिथे लेकराबाळांसह झोपायचे असते.

दोष कुणाचा, असे विचारले की बोट नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याकडे जाते. तिथे गाळ साचला आहे, यात तथ्य आहे. पण अर्धे खरे धरून बसणे, हा स्वतःला फसवण्याचा सोपा मार्ग होय. बंधाऱ्यातला गाळ दिसतो, ओढ्यात स्वतः टाकलेला भराव दिसत नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

सरकारी नकाशात दोन पूररेषा असतात. निळी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. काठच्या धन्याला मात्र ती रेषा नेहमी शेजाऱ्याच्याच घरावरून गेलेली दिसते.

नाशिककर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीवरून. पाणी गुडघ्याला लागले की कमरेला, हे सारा गाव पाहतो. मारुतीला जागा विकायची नसते, म्हणून त्याची साक्ष खरी.

देवळाच्या दगडावर देणगीदारांची नावे कोरली जातात, हे योग्यच. त्याबरोबर जुन्या जाणत्यांना विचारून घाटावर १९६९, २०१६ आणि २०१९ च्या पाण्याच्या खुणाही कोराव्यात. कुणी म्हणेल, खुणेमुळे जागेचा भाव पडेल. पडू द्या. पडलेला भाव पुन्हा चढतो; वाहून गेलेले माणूस परत येत नाही. कोंबडे झाकून तांबडे फुटायचे राहत नाही, आणि खूण पुसून पूर थांबत नाही.

देवाच्या दारी निदान एक दगड खरे बोलणारा असावा, एवढीच गोदामाईच्या चरणी प्रार्थना.