लॉग फाइल डिस्क खाते तेव्हा

आज माझीच एक चूक सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, एसक्यूएल सर्व्हरवर एका गोदामाचं बिलिंग. सकाळी अकराला एरर आली, ९००२. ट्रान्झॅक्शन लॉग फुल. डेटाबेस १२ जीबीचा, आणि त्याची एलडीएफ फाइल ९० जीबीची!

डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये होता. त्यात लॉग बॅकअप घेतला तरच लॉगमधली जागा पुन्हा वापरता येते. आमच्याकडे रोज रात्री फुल बॅकअप व्हायचा आणि मला वाटायचं, तेवढ्याने लॉग रिकामा होतो. नाही होत. हा गैरसमज मी अजूनही इंटरव्ह्यूत ऐकतो.

दुसऱ्या डिस्कवर एक लॉग बॅकअप घेतला असता तरी भागलं असतं. पण फोन वाजत होते. नेटवर दिसला तो उपाय केला: मॉडेल सिंपल केलं, फाइल श्रिंक केली, मॉडेल परत फुल. पाच मिनिटांत सगळं सुरू. टीम लीड म्हणाले, "शाब्बास."

चार वाजता एका सहकाऱ्याने दर बदलायला अपडेट चालवलं आणि व्हेअर लिहायचं राहिलं. सगळ्या बिलांवर एकच दर.

लीडने विचारलं, "तीन अठ्ठावन्नला परत जाता येईल ना?"

सकाळी दहापर्यंत तशी सोय होती. रात्रीचा फुल बॅकअप नोरिकव्हरीत रिस्टोअर करायचा, वर लॉग बॅकअप चढवायचा, स्टॉपॲटला हवी ती वेळ द्यायची. पण सिंपल केलं तेव्हाच लॉगची साखळी तुटली होती. मॉडेल परत फुल करून ती जुळत नाही, त्यानंतर निदान एक फुल किंवा डिफरन्शियल बॅकअप घ्यावा लागतो. मी घेतलाच नव्हता.

रात्रीची कॉपी वेगळ्या नावाने रिस्टोअर करून जुने दर आणले. त्या दिवसाची बिलं मात्र गोदामातल्या दोन ताईंनी कागदी चलनांवरून पुन्हा भरली, रात्री साडेनऊपर्यंत. मी शेजारी बसून आकडे वाचत होतो. एकीने सहज विचारलं, "तुमच्याकडे कॉपी नसते का हो?"

आता दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप होतो, दुसऱ्या मशीनवर. लॉग फुगला तर श्रिंकच्या आधी मी सिस डेटाबेसेसमधला लॉग रीयूज वेटचा रकाना बघतो. तिथे 'लॉग बॅकअप' दिसलं, तर डेटाबेस त्याचीच वाट बघत असतो. आणि महिन्यातून एकदा टेस्ट मशीनवर रिस्टोअर. मागच्या वेळी तोही अडकला, पासवर्ड बदलला होता म्हणून.